एका बाईची पुस्तकं एका फळीवर : प्रकल्प नोंदी

९ जून

कार्यकारिणीने होकार दिला. दारातून आत आलं की समोरच दिसणारं काचेचं कपाट प्रकल्पासाठी मोकळं करून मिळणार. त्यातल्या ढाली आणि मानपत्रं वरच्या खोलीत जातील. दुरुस्ती आणि खरेदी मिळून मंजूर झालेली रक्कम बेताची आहे, तेव्हा नवं काही घेण्याआधी आपल्याकडे काय आहे ते नीट बघायचं.

काय करायचंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. देवघेवीच्या टेबलावर बसून एक गोष्ट मला कायम खुपत आली आहे. एकाच बाईचं आयुष्य आमच्या वाचनालयात तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. आनंदीबाई जोशींवरची श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी विभागात, अंजली कीर्तन्यांनी लिहिलेलं चरित्र चरित्र विभागात, आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र संदर्भाच्या कुलूपबंद कपाटात. सभासद कादंबरी नेतात, परत आणतात, आणि आनंदी आपल्याला कळली असं धरून पुढच्या पुस्तकाकडे वळतात. त्यांचा काही दोष नाही, शेजारी दुसरं दिसतच नाही तर मागणार काय? रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' तर 'रानडे, म. गो.' या नावाखाली लावलेल्या आहेत. रमाबाईंचं म्हणून कुणी शोधायला गेलं तर सापडायच्या नाहीत.

प्रकल्प एवढाच: एका बाईचं आयुष्य जितक्या हातांनी लिहिलं गेलं, ते सगळं एका फळीवर आणायचं. तिचं स्वतःचं लिखाण, तिला ओळखणाऱ्यांनी लिहिलेलं, पुढच्या संशोधकांनी लिहिलेलं आणि कादंबरी. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कपाट खुलं करायचं.

१३ जून

दिवसभर दाखल नोंदवह्या काढून बसले. जुन्या वह्यांमधलं टाकाचं अक्षर इतकं सुबक आहे की आजही एक आकडा चुकीचा वाचला जात नाही. अडचण अक्षराची नाही, नावांची आहे. 'अलंकारमंजूषा' बाळूताई खरे या नावावर, 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावावर, आणि पुढची काही पुस्तकं मालतीबाई बेडेकर या नावावर. बाई एकच. लग्नाआधीचं नाव, टोपणनाव आणि लग्नानंतरचं नाव अशा तीन ठिकाणी तिची नोंद आहे आणि एकीकडून दुसरीकडे जायला वाट नाही. बायकांची पुस्तकं शोधताना हे पुन्हा पुन्हा होणार, म्हणून नावांची वेगळी वहीच घातली. डाव्या पानावर छापलेलं नाव, उजव्या पानावर बाकीची सगळी.

मुदत चिठ्ठ्याही बघितल्या. 'आनंदी गोपाळ'च्या चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवत गेल्याने मागचं पुठ्ठ्याचं पान जाड झालंय, शिक्क्यांवर शिक्के पडलेत. बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' उघडलं तर चिठ्ठी जवळजवळ कोरी, खळीचा वास अजून तसाच. ज्या वाचनालयात बायांचे यजमान महर्षी कर्वे यांच्या तसबिरीला दरवर्षी हार पडतो, तिथली ही गोष्ट.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद, सभासद फिरकले नाहीत. पूर्ण दिवस आनंदीबाईंसाठी मिळाला.

तारखा आधी. १८८३ मध्ये एकटीने अमेरिकेला प्रयाण, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी., त्या वर्षाच्या अखेरीस परत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यात मृत्यू. बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली होती, ती जागा तिला सांभाळता आलीच नाही. लगेच पुढच्या वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी इंग्रजीत तिचं चरित्र लिहिलं. मग थोड्याच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी मराठीत. जोशींची कादंबरी १९६८ ची, म्हणजे आनंदी गेल्यावर ऐंशी वर्षांनी लिहिलेली. आज बहुतेक लोकांच्या मनातली आनंदी या तिसरीतून आणि २०१९ च्या सिनेमातून आलेली आहे.

कादंबरी मी पुन्हा वाचली आणि पुन्हा गुंतले. गोपाळरावांचा तऱ्हेवाईकपणा, त्या पोरीची फरफट, तिचं हळूहळू त्याच्यापुढे निघून जाणं, हे सगळं जोशींनी ताकदीने उभं केलंय. पण शेजारी तिची पत्रं ठेवली की काहीतरी वेगळंच घडतं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना ती लहानपणी खाल्लेल्या माराबद्दल सरळ लिहिते. कांगावा नाही, लपवाछपवी नाही. ते वागणं बरं की वाईट, याचा हिशोब ती स्वतः मांडते, आणि त्याच माणसामुळे आपण इथवर आलो हेही त्याच पत्रात नाकारत नाही. कादंबरीत आपण तिच्याकडे बघत असतो. पत्रात ती आपल्या आयुष्याकडे बघत असते. दोन्ही हवं. पण दुसरं कुलपात आणि पहिलं दर्शनी, हे चालणार नाही.

काशीबाईंचाही विचार करायला हवा. नवऱ्याला शिकलेली बायको हवी म्हणून लग्नानंतर घरच्या घरी, मोठ्यांची नजर चुकवत ही बाई लिहायला-वाचायला शिकली आणि मराठीत एका स्त्रीने लिहिलेलं दुसऱ्या स्त्रीचं पहिलं चरित्र तिच्या हातून झालं. त्या चरित्रात आनंदीइतक्याच काशीबाईही दिसतात. कुठे थबकतात, कुठे अभिमानाने पानंच्या पानं लिहितात, ते वाचताना कळतं.

काशीबाईंची प्रत संदर्भातून बाहेर काढायची परवानगी मागायची. मूळ प्रत देवघेवीत देता येणार नाही. छायाप्रत बांधून ठेवू.

३० जून

सगळ्यात जास्त वेळ या जोडीवर घालवायचा होता, तो घालवला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आणि रमाबाईंच्या आठवणी.

कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते: पुण्यातलं बालपण, दुर्गी मैत्रीण, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबरचे सुखाचे थोडे दिवस, वैधव्य, बळजबरीने केलेलं केशवपन, मरण. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्याने वयाची अट दहावरून बारावर नेली, तो याच काळातला. म्हणजे ज्या आठवड्यात पुण्यात त्या बिलावरून रणं माजत होती, त्याच आठवड्यात घरोघरी यमूचं पुढचं प्रकरण वाचलं जात होतं. पुरुषाने बाईच्या तोंडून एवढं लांब, एवढं घरगुती आणि एवढं खरं वाटणारं निवेदन करावं, हे त्या वेळी नवलच होतं. आजही वाचताना माजघरातली कुजबुज ऐकू येते.

रमाबाई म्हणजे कुर्लेकरांची मुलगी. लग्न १८७३ मध्ये, वय अकरा. नवरा माधवराव, म्हणजे न्यायमूर्ती रानडे, एकतीस-बत्तीसचे, पहिली बायको नुकतीच गेलेली. त्यांच्या मनाविरुद्ध वडिलांनी हे लग्न लावलं. आल्या दिवसापासून माधवरावांनी तिला शिकवायला घेतलं आणि आल्या दिवसापासून घरातल्या बायकांनी तिला छळायला घेतलं. हे सगळं रमाबाई किती शांतपणे लिहितात! सभेत इंग्रजीतून वाचून दाखवलं त्या दिवशी घरी काय ऐकून घ्यावं लागलं, कोण कुणाला उद्देशून काय बोललं, ताटावर कोण कसं बसलं, सगळं. आपण मुलींच्या शाळेचा इतिहास वाचतो तेव्हा हुजूरपागा १८८४ मध्ये सुरू झाली एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्याचं मोल एका घरातल्या एका सुनेला कसं चुकवावं लागलं, ते इथे कळतं.

आता दोन्ही शेजारी ठेवून जे दिसलं ते. यमू विधवा होते आणि कादंबरी तिला मरणाकडे नेते. हरिभाऊंचा कळवळा खरा आहे, पण विधवेचं पुढे काय होऊ शकतं याची वाट त्यांच्या कादंबरीला सापडत नाही. रमाबाई १९०१ मध्ये विधवा झाल्या आणि त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. पुण्यात सेवासदन उभं केलं, प्रौढ बायकांना शिकवलं, परिचारिका तयार केल्या, १९१० मध्ये हे पुस्तक लिहिलं. आणि त्याहून मोठी गोष्ट: पंडिता रमाबाईंचं विधवांना शिकवणारं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८९० मध्ये पुण्यात आलं. यमू 'करमणूक'च्या पानांवर सोसत होती तेव्हा त्याच गावात गोदूबाई नावाची खरी विधवा पोरगी, शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, पाटी-पुस्तक घेऊन बसली होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हीच बाया कर्वे, 'माझे पुराण'वाली.

कादंबरी एकटी वाचली की विधवेचं आयुष्य म्हणजे निव्वळ अंधार. नुसती आत्मचरित्रं वाचली तर वाटतं, बायका धीराच्या होत्या, निभावलं त्यांनी. एकत्र वाचलं तर कळतं की गोदूबाई कशातून उठून आली, आणि यमूला कोणतं दार उघडं असू शकलं असतं. माझ्या मते कपाटातली सगळ्यात मोलाची फळी हीच. मधल्या उंचीवर, डोळ्यांसमोर.

११ जुलै

पाऊस धरून बसलाय. संदर्भ विभागाच्या मागच्या भिंतीला ओल. काही पुस्तकांना कसर लागली आहे. बाइंडरकाका येऊन गेले. 'माझी कहाणी'ची प्रत हातात घेऊन त्यांनी कण्याला अंगठा लावला, पानं एकदा फरकन सोडली आणि म्हणाले, "मॅडम, हिला शिवता येणार नाही, कागद तुटतो. पानं जपानी कागदावर घ्यावी लागतील. शिवली तर वर्षात पानं सुटतील तुमची." खर्च ऐकून जरा दचकले. पण ही प्रत टाकून चालणार नाही. पार्वतीबाई आठवले म्हणजे बाया कर्व्यांची बहीण. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडलेली आणि इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला जाऊन, लोकांच्या घरी कामं करून राहिलेली बाई. होकार दिला.

१९ जुलै

अपेक्षित आक्षेप आला. आमचे एक ज्येष्ठ सभासद, इतिहासाचे निवृत्त शिक्षक, कपाटाचा कच्चा आराखडा बघून म्हणाले, "ताई, कादंबऱ्या इतिहासाशेजारी लावू नका. आधीच लोकांना कादंबरीतला राऊ आणि इतिहासातला बाजीराव वेगळे करता येत नाहीत. तुम्ही तर एकाच फळीवर बसवताय."

सरांचं म्हणणं हलकं नाही. कादंबरीतला संवाद लोक भाषणात इतिहास म्हणून सांगतात, हे मीही ऐकलंय. पण उपाय दूर ठेवण्यात नाही. दूर ठेवलं म्हणून तर हा गोंधळ झाला. मी त्यांच्यासमोर 'युगान्त' ठेवलं. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात, भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती हाताशी. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याबद्दल त्या जे लिहितात ते त्या आवृत्तीच्या आधाराने. द्रौपदीच्या लेखात शेवटी त्यांना शेवटच्या प्रवासातली, पडलेल्या द्रौपदीची आणि भीमाची भेट स्वतःच्या मनाने लिहावीशी वाटली. तिथे त्या थांबतात आणि सांगतात, इथपर्यंत संशोधित आवृत्तीला धरून होतं, यापुढची माझी नरोटी, म्हणजे नुसती करवंटी, पदरची भर. मग लिहितात, आणि काय लिहितात! ते पान वाचून कुणाच्या घशात आवंढा येत नसेल तर नवल. पण वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण कोणत्या बाजूला उभे आहोत.

सरांना म्हटलं, हेच करायचंय. कादंबरीकाराने रेघ मारली नसेल तर कार्डावर आपण मारू. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कार्डं मला दाखवल्याशिवाय लावू नका." म्हणजे कार्डं तपासायला माणूस मिळाला, आणि तोही काटेकोर.

२ ऑगस्ट

कार्डाचा नमुना ठरला. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, चार ओळी: सांगतंय कोण, केव्हा (म्हणजे घटनेनंतर किती काळाने), कशाच्या आधारावर, शेजारी काय वाचावं. पुस्तक चांगलं की वाईट ते लिहायचं नाही, ते वाचणाऱ्यावर सोडायचं.

पहिलं कार्ड लिहिलं ते असं:

"सांगतात: रमाबाई रानडे, स्वतः. केव्हा: न्यायमूर्ती गेल्यावर नऊ वर्षांनी, १९१० मध्ये. आधार: स्वतःची आठवण. पुस्तक नवऱ्याच्या आठवणींसाठी लिहिलं आहे. त्याच्या चुका सांगताना लेखणी आवरते, घरातल्या बायकांचं बोलणं सांगताना मोकळी सुटते. शेजारी वाचा: पण लक्षात कोण घेतो?"

सरांनी 'त्याच्या'चं 'त्यांच्या' करायला लावलं. केलं. त्यांनी एक भरही सुचवली: रमाबाईंवरची मालिका बघून येणारे वाचक असतील, तर 'उंच माझा झोका' आणि हे पुस्तक यांतला फरक तोंडी सांगायची तयारी ठेवा.

१४ ऑगस्ट

हिंगण्याची फळी. जरा वेगळी, कारण इथे एका बाईची नव्हे, एका जागेची पुस्तकं जमतात. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढे हिंगण्याला गेला. त्या माळावर पार्वतीबाई राबल्या, बायांचा संसार त्याच्या सावलीत झाला, आणि पुढच्या पिढीतली बाळूताई खरे तिथेच शिकून शिक्षिका झाली. तिचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये ह. वि. मोट्यांनी काढलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट त्यात होती आणि पुण्या-मुंबईत वादळ उठलं. विभावरी शिरूरकर कोण, यावर पैजा लागल्या. प्रकाशकाने नाव फोडलं नाही.

तिन्ही पुस्तकं ओळीने वाचली तर पिढ्यांचा उतार-चढाव डोळ्यांसमोर येतो. पार्वतीबाईंच्या पिढीला शिकायला मिळणं हीच मुक्ती. बाळूताईच्या पिढीला शिकून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न. 'माझे पुराण'मध्ये बाया नवऱ्याबद्दल ज्या रोखठोकपणे बोलतात तो तर वेगळाच आनंद आहे: जगासाठी महर्षी, घरासाठी पैसा नाही, आणि मुलांचं बघायचं कुणी? महर्षींच्या आत्मचरित्राशेजारी हे ठेवलंच पाहिजे. ठेवलं.

'स्मृतिचित्रे'लाही याच फळीवर जागा दिली. लक्ष्मीबाई टिळकांचा हिंगण्याशी संबंध नाही, पण त्यांच्या पुस्तकाला जोडी लागत नाही. ते एकटं उभं राहतं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. समोर मांडव, स्पीकर. दहा दिवस जड काम काही होणार नाही. याद्या टंकून घेते.

१२ सप्टेंबर

पेशवाईतल्या बायका. मागणी सगळ्यात जास्त इथेच, आणि बायकांचे स्वतःचे शब्द सगळ्यात कमी इथेच.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई म्हटलं की आजही वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. त्या दोघांमधलं बोलणं, रुसवे, तिचे विचार ही देसाईंची देणगी. हे कार्डावर स्पष्ट लिहिलं. तिच्या मनात त्या क्षणी काय होतं, ते सांगणारं तिचं अक्षर आमच्यापुढे नाही. एका जिवंत बाईच्या चितेवर जाण्याला आपण इतकं सुंदर करून वाचतो, याचं मला हे कार्ड लिहिताना पहिल्यांदाच जड वाटलं. सरांशी यावर बोलले. त्यांनी त्यांच्या शिस्तीप्रमाणे एकच ओळ सुचवली: "सतीची चाल कायद्याने १८२९ मध्ये बंगालात बंद झाली." कादंबरीच्या कार्डावर ही ओळ असावी की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. मी ठेवली आहे.

मस्तानी. ना. सं. इनामदारांची 'राऊ' आणि द. ग. गोडशांचं 'मस्तानी'. दोन्ही एकत्र वाचावीत अशीच. इनामदार प्रेमकथा रचतात. गोडसे कागद, चित्रं, वास्तू पारखत तिच्याभोवतीची दंतकथा एकेक पापुद्रा काढून बाजूला ठेवतात. कार्ड लिहिण्याआधी केळकर संग्रहालयात जाऊन कोथरूडहून हलवून पुन्हा उभारलेला तिचा महाल बघून आले. लाकडी खांबांवरची कोरीव महिरप, वर हंड्या-झुंबरं. सहलीला आलेल्या शाळकरी मुली सिनेमातलं गाणं गुणगुणत होत्या. तिची कबर पाबळला आहे, मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतच्या युद्धात कामी आला, हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. सांगितल्यावर मात्र पोरी घोळका करून उभ्या राहिल्या आणि प्रश्न विचारत सुटल्या. मस्तानीच्या कार्डावर पहिलीच ओळ: "या फळीवर तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. जे आहे ते इतरांनी तिच्याबद्दल लिहिलेलं."

जागा रिकामी आहे असं सांगणं हेसुद्धा कपाटाचं काम आहे. पुस्तक नाही म्हणून गप्प बसलं तर कादंबरी ती जागा भरून टाकते आणि रिकामी होती हेच विसरायला होतं.

२७ सप्टेंबर

ताराबाई शिंदे. बुलढाण्याची बाई, पण तिचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं पुण्यात, १८८२ मध्ये, शिवाजी छापखान्यात. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन काळं पाणी झालं. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या वाकड्या चालीवर जे लिहून आलं, त्याने ताराबाई पेटून उठल्या. 'स्त्री-पुरुष तुलना' वाचताना आजही पान हातात गरम लागतं. बायकांना जे जे दोष लावता ते ते तुमच्यात दामदुपटीने आहेत की नाही बोला, असा सगळा रोख.

टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हेही जवळजवळ नाहीसं झालं होतं, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं. त्र्याण्णव वर्षं! आमच्याकडे त्याच आवृत्तीची प्रत आहे. अरुणा ढेऱ्यांचं 'विस्मृतिचित्रे' शेजारी लावलं. एकोणिसाव्या शतकातल्या अशा किती बायका विस्मरणात गेल्या त्याची कल्पना त्याने येते.

११ ऑक्टोबर

अभ्यासिकेत एमपीएससी करणारी एक मुलगी कार्डं टंकायला मदत करते आहे. मराठवाड्यातली, इथे कॉट बेसिसवर राहते. पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मला या सगळ्यांची फक्त जन्मसालं पाठ आहेत." मी तिला बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर बसलेली. पुस्तक संपलं होतं.

तिने विचारलं, बाईंनी स्वतःच्या नवऱ्याबद्दल का नाही लिहिलं? प्रश्न नेमका होता. फलटणला घरातलं छोटं दुकान सांभाळता सांभाळता बेबीताई लिहीत होत्या. दुकानातल्या मालाला गुंडाळून आलेले कागद वाचत त्यांची वाचनाची भूक भागली. लिहिलेलं वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते बाहेर आलं. १९८२ मध्ये पुण्याच्या 'स्त्री' मासिकातून क्रमशः, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीबद्दल त्या मुलाखतीत बोलल्या, पुस्तकात नाही. आपल्या समाजाची कहाणी सांगायची होती, स्वतःची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांची भूक, बाळंतपणं, सुनांचे हाल, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने फिरलेलं सगळं वातावरण, हे त्यांनी ज्या बारकाईने लिहिलंय ते रमाबाईंच्या माजघराशेजारी ठेवून वाचायला हवं. दोघींनी सासुरवास लिहिलाय. एकीच्या पोटात अन्न होतं.

म्हणून फळ्यांची रचना बदलली. दलित बायकांची आत्मकथनं वेगळ्या फळीवर, तळाशी, अशी आधीची यादी होती. ती मोडली. 'जिणं आमुचं' मधल्या फळीवर, रमाबाईंच्या आठवणींच्या लगत. शांताबाई कांबळेंचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' त्याच ओळीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून केलेलं 'आम्हीही इतिहास घडवला' आमच्याकडे नव्हतं. खरेदीच्या यादीत पहिलं नाव. अप्पा बळवंत चौकात विचारून आले, मागवून देतो म्हणाले.

१५ नोव्हेंबर

सावित्रीबाईंची 'काव्यफुले' १८५४ ची. त्यांच्यावर पुस्तकं भरपूर आहेत, लहान मुलांसाठीही. त्यामुळे इथे निवडच करावी लागली: त्यांच्या कविता आणि जोतीरावांना लिहिलेली पत्रं पुढे, बाकीची मागे.

पण मला त्यांच्या शाळेतली मुक्ता हवी होती. मांग समाजातली ही मुलगी फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. चौदा-पंधरा वर्षांच्या आतली पोर आपल्या जातीच्या बायका उघड्यावर बाळंत होतात हे लिहिते, आणि वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता असं देवालाच विचारते. तिच्यावर कपाटात लावता येईल असं जाडजूड पुस्तक नाही, कादंबरी नाही. म्हणून निबंध ठळक टाइपात छापून घेतला आणि बाइंडरकाकांनी खादीच्या पुठ्ठ्यात पातळ पुस्तिका बांधून दिली. कण्यावर नाव: मुक्ता. दाखल नोंदवहीत तिचा स्वतंत्र क्रमांक घातला. फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्या भिडेवाड्याची मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली गेली. त्या गावात फुल्यांच्या शिकवण्याचं हे फळ निदान हातात घेता यावं.

१३ डिसेंबर

देवघेवीचा नियम. एका सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. कादंबरी आणि तिची जोडी नेली तर कोटा संपतो आणि लोक जोडी टाळणार. कार्यकारिणीपुढे ठेवलं: या कपाटातली जोडी एकत्र नेली तर ती एकच पुस्तक धरावी. चर्चा बरीच झाली, मंजूर झालं. मुदतही आठवड्याने वाढवली.

३ जानेवारी

कपाट खुलं झालं. भाषण ठेवलं नाही. एमपीएससीवाल्या मुलीने मुक्ताचा निबंध वाचला, सरांनी 'युगान्त'मधली दोन पानं.

पहिली जोडी गेली ती 'आनंदी गोपाळ' आणि काशीबाईंची छायाप्रत. नेणाऱ्या आजींनी कादंबरी पूर्वी वाचलेली होती, तरी दोन्ही नेली. 'स्वामी' दोघांनी मागितली, जोडी नको म्हणाले; कार्ड मात्र आत आहेच. 'जिणं आमुचं' दुपारपर्यंत गेलं, त्याची दुसरी प्रत लागणार. 'माझे पुराण'च्या चिठ्ठीवर शिक्का पडला.

पुढची कामं: पाचव्या फळीसाठी लेखिका गीता साने यांची पुस्तकं. बालपणी लादलेलं लग्न कोर्टात नाकारणाऱ्या डॉ. रखमाबाईंवरचं मोहिनी वर्द्यांचं पुस्तक आलं की त्याचं कार्ड. 'माझी कहाणी' बाइंडरकाकांकडून आणायची. जपानी कागद आला आहे, आठवडाभरात होईल म्हणाले. मागच्या भिंतीच्या ओलीबद्दल कार्यकारिणीला पत्र, पावसाळ्याच्या आत.